धंदा जोरात असतो तेव्हाच उतरण लागलेली असते: काउंटरमागून पाहिलेला मोबाईल

स्टँडसमोरचा | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचतो, लिहायला पहिल्यांदाच बसलोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलगी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून बसलेली. पानावर एक डोंगर काढलेला आणि त्याचे चार भाग पाडलेले: आगमन, वाढ, परिपक्वता, उतरण. वस्तूचं जीवनचक्र म्हणे. खाली उदाहरण मोबाईलचं. मला विचारते, "बाबा, आपलं दुकान यातल्या कुठल्या खणात?" मी म्हटलं, आधी भात संपव. पण मग मलाच झोप लागेना.

फलटणला एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. १९९६ ला एसटीडी बूथ म्हणून सुरू झालं. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकडे पळवणारं बिलाचं मशीन. रात्री दर उतरले की रांग लागायची. २००२ च्या दिवाळीत काचेच्या कपाटात पहिले चार मोबाईल मांडले. लोक बघायला यायचे आणि शेजारच्या केबिनमध्ये शिरून फोन करून जायचे, कारण तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि वर्षभरात केबिन काढून तिथे कव्हरांचं स्टँड लावलं. गंमत सांगतो: केबिन काढायच्या आधीचं वर्ष बूथचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. मोबाईल घेतलेले लोक मिस्ड कॉल आला की धावत माझ्या बूथवर येऊन उलटा फोन करायचे.

पुस्तकात लिहिलंय की विक्री घसरायला लागली की उतरण समजावी. मी म्हणतो, तोवर उशीर झालेला असतो. विक्रीचा आकडा सगळ्यात शेवटी बोलतो.

आमच्याकडे वळण कळतं ते स्कीमवरून. एखादा फोन खरंच चढणीला असतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर तुमचा फोन उचलत नाही. पैसे आधी भरा, वीस पीस मागा, सहा मिळतील, आणि त्या सहांबरोबर न खपणारे दोन गळ्यात मारतील. मार्जिन चहापाण्यापुरतं. मग एक दिवस तोच माणूस गाडी लावून आत येतो, स्टूल ओढून बसतो, घरच्यांची चौकशी करतो. उधारीचे दिवस वाढवून देतो. दहावर एक फ्री. टार्गेट झालं तर बँकॉकची सहल. गिऱ्हाईक तेवढंच असतं, गल्ला भरलेला असतो, पण बँकॉक आलं की समजायचं. मी २०१० ला जाऊन आलो. कोणाच्या खर्चाने ते विचारू नका.

त्यानंतरची पायरी प्राइस ड्रॉप. रात्री मेसेज येतो, उद्यापासून हा पीस दीड हजाराने खाली. दुकानात शिल्लक मालावरचा फरक क्रेडिट नोटने मिळायचा असतो. एका कंपनीचे (नाव नको) अकरा पीस माझ्या माळ्यावर अजून आहेत. क्रेडिट नोट यायचीय.

आता जगाचा हिशोब बघा. आयफोन जाहीर झाला जानेवारी २००७ मध्ये, विक्री सुरू झाली जूनअखेर. त्या वर्षात ॲपलने विकले सुमारे ३७ लाख. नोकियाने त्याच वर्षी विकले ४३ कोटींच्या वर. पुढच्या वर्षी नोकियाचा आकडा आणखी चढला, ४६ कोटींच्या पुढे. माझ्यासारख्या माणसाला २००८ मध्ये कोणी सांगितलं असतं की ही कंपनी पाच वर्षांत मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकणार आहे, तर मी त्याला लिंबूसरबत पाजलं असतं. आयफोन आपल्याकडे ऑगस्ट २००८ मध्ये आला, ३१ हजारांना. फलटणमध्ये तेवढ्यात चांगली म्हैस यायची.

आणि नोकिया ११००. टॉर्चवाला. २००३ चं मॉडेल, जगभरात २५ कोटींच्या वर खपला. आमच्या भागात रानाला थ्री फेज लाईट रात्रीची. बाराला उठून मोटर चालू करायला जायचं, पायाखाली काय आहे दिसत नाही. लोक काउंटरवर येऊन "बॅटरीवाला मोबाईल द्या" म्हणायचे. एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घालून वर रबरबँड लावायचे आणि पिशवीसकट बटणं दाबायचे. पाच आणि आठचे आकडे पुसून गेलेले, पण बोटाला जागा पाठ.

तर मंडळी, प्रश्न असा. आज स्मार्टफोन कुठल्या खणात आहे? जाणकारांनी सांगावं. माझ्यापुरतं एवढंच सांगतो की गेली तीन वर्षं डिस्ट्रिब्युटर माझ्याकडे चहा प्यायला येतोय.

---

चहाबिस्किट | मंगळवार, रात्री ११:५८

लिंबूसरबत आणि म्हैस! __/\__ पहिलाच धागा आणि एवढा खणखणीत. आकाश कंदिलासारखा वर टांगून ठेवा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ७:१५

धागा फार आवडला. मी एका महाविद्यालयात हाच विषय शिकवतो, तेव्हा कन्येच्या पुस्तकाचं वकीलपत्र घेणं आलं.

मुळात पुस्तकं दोन वेगळी चित्रं एकाच डोंगरात कोंबतात. एक चित्र समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्सचं, १९६२ चं. नवी गोष्ट कोण कधी पहिल्यांदा घेतं, याचं. अडीच टक्के हौशी, मग साडेतेरा टक्के डोळस, मग ३४ टक्के, पुन्हा ३४, आणि शेवटी १६ टक्के "बघू" म्हणणारे. दुसरं चित्र विक्रीचं. ते हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांच्या १९६५ च्या लेखामुळे घरोघरी पोचलं. पहिल्या चित्रात माणूस एकदाच मोजला जातो. दुसऱ्यात तोच माणूस चौथा फोन घेतो तेव्हा चौथ्यांदा मोजला जातो. हा फरक लक्षात आला की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. पहिल्यांदा स्मार्टफोन घेणारे संपत आले तरी विक्री कोसळत नाही, कारण जुने बदलणारे असतात. मात्र ते किती वर्षांनी बदलतात यावर सगळा खेळ. पूर्वी दीड-दोन वर्षांत बदलणारा आता तीन-चार वर्षं ओढतो, आणि तेवढ्यावर कारखान्यांची झोप उडते.

आयडीसी या संस्थेच्या मोजणीत जगात २०१६ मध्ये सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात गेले. २०२३ मध्ये ११७ कोटी. २०२४ मध्ये पुन्हा थोडे वर. भारतात २०२१ ला १६ कोटी, त्यानंतर १४-१५ कोटींच्या आसपास रेंगाळणं चालू. याला मी उतरण म्हणणार नाही. हे पठार आहे, आपल्या मसाई पठारासारखं: लांबच लांब, आणि कडा कुठे आहे ते धुक्यात कळत नाही.

दुसरा मुद्दा, चक्र कशाचं? मोबाईल हा वर्ग. स्मार्टफोन हे त्याचं एक रूप. नोकिया हा ब्रँड. ११०० हे मॉडेल. चौघांचे चार डोंगर. मॉडेल आज वर्षभरही जगत नाही, रूप वीस-पंचवीस वर्षं जगतं, वर्गाला तर मरण दिसतच नाही. विद्यार्थी परीक्षेत चौघांची खिचडी करतात आणि मी गुण कापतो.

आणि ते "आगमन"! चित्रात अंगठ्याएवढं असतं. प्रत्यक्षात आयबीएमने "सायमन" नावाचा फोन १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आणला होता. स्पर्शाचा पडदा, ईमेल, फॅक्स, कॅलेंडर. सुमारे ५० हजार खपले आणि गाशा गुंडाळला. नोकियाचा कम्युनिकेटर १९९६ चा. म्हणजे आयफोन येईपर्यंत आगमनातच तेरा वर्षं गेली. नोकियाला स्मार्टफोन कळला नव्हता हे सपशेल खोटं. २०११ च्या सुरुवातीपर्यंत जगात सर्वाधिक स्मार्टफोन विकणारी कंपनी तीच होती.

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ९:०२

खडूफळा सर, थोडं अवांतर. रॉजर्सचा हा आलेख मुळात मक्यावरून आलाय ना? कृषी महाविद्यालयात आम्हाला विस्तार शिक्षणात होता. अमेरिकेतल्या आयोवामध्ये रायन आणि ग्रॉस या दोघांनी संकरित मका कोणी कधी पेरला याचा शेतकऱ्यांकडे जाऊन अभ्यास केला, १९४३ साली छापला. बियाणं चांगलं हे सगळ्यांना लवकर कळलं होतं, तरी शेजाऱ्याच्या रानात उभं पीक बघितल्याशिवाय बहुतेकांनी पेरलं नाही.

आमच्या आजोबांनी सीएसएच-१ ज्वारी पेरली होती. १९६४ मध्ये आलेलं हायब्रीड. उतारा दुप्पट. पण भाकरीला चव नाही म्हणून आजीने घरच्यापुरती मालदांडी ज्वारी वेगळी ठेवायला लावली. हायब्रीड विकायला, मालदांडी खायला. पुस्तकात असा माणूस कुठल्या टक्क्यात बसतो? दोन्ही खिशात दोन फोन ठेवणारा.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ९:३०

वा! बरोबर, मूळ मक्यातच आहे. आणि आजींना कुठल्याच खणात बसवता येत नाही. हे उदाहरण मी उद्या वर्गात चोरणार आहे.

---

वॉटर्लूकर | बुधवार, सायंकाळी ६:४५

कॅनडातून राम राम. मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे फलटणचं नाव वाचून थांबलोच.

धागाकर्त्यांचं बँकॉकवालं निरीक्षण अगदी पटलं, कारण मी ते गावाच्या पातळीवर बघितलंय. ब्लॅकबेरी फोनवाल्या कंपनीचं मुख्यालय आमच्या वॉटर्लूत. मी २००९ ला इथे आलो तेव्हा दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी तिथे कामाला. किराणा दुकानाच्या रांगेत सगळ्यांच्या कमरेला ते काळं पाकीट. अंगठ्यांनी टकटक चालू.

बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, २००७ ला आयफोन आला आणि ब्लॅकबेरी झोपली. उलट, पुढची चार वर्षं ती पळत होती. वर्षाला पाच कोटींच्या वर फोन विकले गेले ते आयफोननंतर, २०१०-११ मध्ये. वापरणाऱ्यांची संख्या तर २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत वाढत जाऊन ८ कोटींवर गेली. फक्त ती वाढ कुठून येत होती ते कोणी नीट वाचलं नाही. अमेरिकेतली कार्यालयं सोडून चालली होती, आणि इंडोनेशियात, भारतात, आफ्रिकेत कॉलेजची पोरं बीबीएमसाठी (ब्लॅकबेरीची फुकट मेसेज सेवा) घेत होती. बेरीज वर, म्हणून सगळे खूश. एका घरात आजोबा अंथरुणाला खिळलेत आणि त्याच घरात बारसं आहे, तर माणसं मोजणारा म्हणणार की कुटुंब वाढतंय.

मग जानेवारी २०१३ मध्ये नवी प्रणाली आणली. झेड-१० फोन भारतात ४३ हजारांच्या वर किमतीला. त्याच वर्षी सप्टेंबरात न खपलेल्या मालापोटी सुमारे ९३ कोटी डॉलर बुडीत दाखवले आणि साडेचार हजार लोकांना घरी पाठवायचं जाहीर केलं. तुमचे माळ्यावरचे अकरा पीस तसे यांचे काही लाख. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत "घर विकणे आहे"च्या पाट्या बर्फात उभ्या होत्या. कंपनीच्या काही इमारती पुढे इथल्या विद्यापीठाने विकत घेतल्या. जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली. त्या रात्री मी ड्रॉवरमधला माझा जुना फोन चार्ज करून बघितला. वेळ दाखवत होता.

---

तिरकस | बुधवार, रात्री १०:१०

लेख छान, प्रतिसाद छान, पण सगळेजण फार सोवळ्यात बोलताय. वस्तू जन्मते, मोठी होते, म्हातारी होते, मरते. जणू निसर्गनियम. अहो, बहुतेक वेळा तिचा खून होतो.

तुमचा धडधाकट तीन वर्षांचा फोन म्हातारा कशाने झाला? अपडेट यायचं बंद झालं, मग बँकेचं ॲप म्हणालं "आम्ही यावर चालणार नाही". डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले आयफोन सॉफ्टवेअरमधून हळू केले जात होते. कारण दिलं की फोन अचानक बंद पडू नयेत. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ग्राहकांना हे आधी सांगितलं नाही म्हणून अडीच कोटी युरोचा दंड लावला. याला परिपक्वता म्हणायचं?

दुसरा प्रकार शेजारच्याने केलेला खून. डिजिटल कॅमेरा घ्या. २०१० मध्ये जगात १२ कोटींच्या वर कॅमेरे गेले, २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत. कॅमेरा बिघडला होता? भिंगं वाईट झाली होती? उलट २०१० चे कॅमेरे तोवरचे सगळ्यात चांगले होते. पेजरचंही तेच. आपल्याकडे १९९५ च्या आसपास आला, कमरेला लावून लोक लग्नात मिरवले, आणि १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर मोबाईलचे दर उतरले तशी त्याची मयतही कोणी केली नाही. बिचाऱ्याच्या नशिबी डोंगर नव्हताच, टेकाडावरच गाडला.

---

खडूफळा | गुरुवार, सकाळी ७:०५

तिरकसराव, सहमत आहे, आणि तुमच्या बाजूने साक्षीदारही आहे. १९७६ मध्ये जाहिरात व्यवसायातल्या नरिमन धल्ला आणि सोनिया युस्पे यांनी लिहिलं की ही जीवनचक्राची कल्पनाच सोडून द्या. मुद्दा असा: व्यवस्थापकाला कुणी सांगितलं की तुझी वस्तू उतरणीला लागली, की तो जाहिरात बंद करतो, सुधारणा थांबवतो, चांगली माणसं दुसरीकडे हलवतो. मग विक्री पडते. मग तो म्हणतो, बघा, पुस्तकात लिहिलं होतं तसंच झालं.

याचं पुण्यातलं उदाहरण घ्या. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने ठरवलं की स्कूटर बनवणं बंद, आता फक्त मोटारसायकल. चेतकचा जमाना गेला हे खरंच होतं. पण स्कूटर नावाच्या रूपाचा जमाना गेला नव्हता. होंडाची ॲक्टिव्हा २००१ मध्ये आली होती आणि पुढे तिने अख्खा बाजार व्यापला. ब्रँडची उतरण आणि रूपाची उतरण यांत गल्लत झाली की असं होतं. दहा वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत तेच चेतक नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं, आणि पहिल्यांदा विक्रीला ठेवलं पुण्यात आणि बंगळुरूत.

---

निफाडची सून | गुरुवार, दुपारी २:२०

माझ्या घरातलं सांगते, आकडे नाहीत.

सासूबाई म्हणजे त्या शेवटच्या १६ टक्क्यांतल्या. बटणाचा फोन, तोही दादांनी (सासरे) घेऊन दिलेला. हिरवं बटण आणि लाल बटण, मधलं सगळं व्यर्थ. २०१७ मध्ये जिओफोन आला, दीड हजार अनामत भरून. बटणांचाच, पण आत फोर जी. तो त्यांनी आनंदाने घेतला, कारण "दिसायला फोनसारखा फोन आहे". त्यावर कीर्तनं ऐकायला लागल्या. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲप आलं तेव्हा मामेबहिणींचा गट केला. मला वाटलं आता ह्या इथेच थांबतील.

मग २०२० चा लॉकडाऊन. माझ्या मुलाची शाळा माझ्या फोनवर, मुलीची ह्यांच्या फोनवर. नणंदेचा व्हिडिओ कॉल आला की सासूबाईंना फोन मिळेना. आठ दिवस काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी कपाटातून डबा काढला, त्यातले पैसे मोजले आणि म्हणाल्या, "मला मोठ्या काचेचा आणून दे. कुणाच्या फोनची वाट बघायची नाही मला."

आता मला सांगा, ह्या साध्या फोनमधून स्मार्टफोनमध्ये गेल्या त्या स्मार्टफोन चांगला झाला म्हणून का?

---

चहाबिस्किट | गुरुवार, दुपारी २:४१

सासूबाई रॉक्स. +१००

---

अक्षरचौकोन | गुरुवार, सायंकाळी ५:१०

निफाडच्या ताईंच्या प्रश्नाला जोडून एक गोष्ट, जी कुठल्याच चार्टात नसते: लिपी.

२०१०-११ चे अँड्रॉइड फोन आठवा. मराठी पान उघडलं की ओळीच्या ओळी चौकोन. किंवा वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, "कि" चा "क ि". मी तेव्हा मराठी संकेतस्थळांवर फक्त कार्यालयातल्या संगणकावरून यायचो आणि सुट्टीच्या दिवशी उपास घडायचा. २०१२ नंतरच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट दिसू लागली. टायपिंगचे कीबोर्ड त्यानंतर आले. मग बोलून टायपिंग. आमच्या काकांनी स्मार्टफोन घेतला तो ह्या तिसऱ्या टप्प्याला, कारण त्यांना बोटांनी लिहायचंच नव्हतं.

म्हणजे ज्या वर्षी पुण्या-मुंबईत स्मार्टफोन "वाढी"त होता, त्या वर्षी मराठीत तो अजून आलाच नव्हता.

---

स्टँडसमोरचा | गुरुवार, रात्री ११:१५

बापरे, एवढे प्रतिसाद. दुकान बंद करून सगळे दोनदा वाचले. मुलीलाही वाचायला दिले. खडूफळा सरांचं "चार डोंगर" तिने वहीत उतरवून घेतलंय.

सूनबाई, तुमच्या सासूबाईंसारखी गिऱ्हाइकं २०२० च्या जूनमध्ये माझ्याकडे रोज होती. शटर अर्धं, तोंडाला पंचा, आणि "पोरांच्या शाळेसाठी स्वस्तातला द्या". शेळी विकून आलेले लोक बघितलेत. त्या वर्षी माल मिळत नव्हता, जुने फोनसुद्धा खपले. जे दहा वर्षं "आम्हाला नको" म्हणत होते ते दहा आठवड्यांत आले. आणि मला तेव्हाच वाटून गेलं होतं की आता नवीन माणूस उरला नाही. तसंच झालं. आता येतो तो बदलायला येतो, आणि बदलायच्या आधी विचारतो, "डिस्प्ले टाकून चालेल का?"

म्हणून माझं दुकान आता निम्मं दुरुस्तीचं आहे. आतल्या टेबलावर पोरगा बसतो, डोक्याला भिंग, समोर हीट गन. चार्जिंग पिन, डिस्प्ले, बॅटरी, ह्या तीन गोष्टींवर दुकानाचं भाडं निघतं. काचेच्या कपाटातले नवीन पीस शोभेला म्हटले तरी चालेल, विक्री ऑनलाइन जाते. ती सवय लागली २०१४ च्या जुलैत, श्याओमीचा मी-३ जेव्हा १३,९९९ ला फक्त ऑनलाइन आला. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन दुसऱ्याच्या सेलमध्ये फोन लागला नाही म्हणून हळहळायचं आणि मी त्याचं सांत्वन करायचो.

एक उपधंदा मात्र पार गेला, त्याची आठवण अजून येते. मेमरी कार्डात गाणी भरून देणे. दोन जीबीचं कार्ड, तीस रुपये. संगणकावर फोल्डर: लावणी, भक्तिगीतं, दर्दभरे, डीजे. यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी जेवायला फुरसत नसायची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, नेट फुकट. त्या वर्षीच्या दिवाळीत मी कार्डांची सगळ्यात मोठी खरेदी केली होती, कारण मागची यात्रा विक्रमी गेली होती. पुढच्या यात्रेला फोल्डर उघडायची वेळ आली नाही. तिरकसराव, हा तुमच्या हिशोबाने शेजाऱ्याने केलेला खून. पण प्रेत कार्डांच्या पुड्यासकट माझ्याकडे.

साधा फोन मात्र मेला नाही. एक जागा त्याने धरून ठेवली: मोटरचा स्टार्टर. पेटीत सिम बसवायचं, घरून फोन लावायचा, रानातली मोटर चालू. पुण्याच्या "नॅनो गणेश" नावाच्या अशा यंत्राला २००९ मध्ये नोकियाच्याच स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. आता अशा पेट्या बऱ्याच कंपन्या करतात. ज्या काकांना मी ११०० विकला होता, रात्री बाराला बॅटरी पाडत जायला, त्यांचा मुलगा आता अंथरुणातून मोटर लावतो. रिचार्ज मात्र माझ्याकडूनच करतो. मोटरचं वेगळं, बायकोचं वेगळं, आणि मोटरचं आधी.

---

तिरकस | गुरुवार, रात्री ११:३२

"मोटरचं आधी." संपलो. बाकी वाद मागे घेतला नाहीये, फक्त आजच्यापुरता तहकूब.

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ८:२०

काका, एक कामाचं विचारतो, अवांतर असेल तर संपादकांनी उडवावं. वडिलांची भजनाची डबी आहे, तो छोटा स्पीकर, पेनड्राइव्ह लावून ऐकतात. तिची बॅटरी बसलीय. मागे "बीएल-५सी" लिहिलंय. आमच्या गावात दोनदा आणली, दोन्ही महिन्यात फुगल्या. तुमच्याकडे चांगली मिळेल?

---

स्टँडसमोरचा | शुक्रवार, सकाळी ९:०५

मिळेल की. ती नोकियाची बॅटरी, ११०० मध्ये हीच असायची. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं होतं की एका पुरवठादाराच्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, बदलून घ्या. टीव्हीवर बातमी आली आणि सकाळी शटर उघडलं तर स्टँडपर्यंत रांग. लोक मागचं झाकण काढून बॅटरी पुढे करायचे आणि मी भिंग लावून नंबर वाचायचो. दिवसभर एक रुपयाचा धंदा नाही.

ते फोन गेले, नोकियाचा श्रीपेरंबुदूरचा कारखानाही २०१४ मध्ये बंद पडला, पण ह्या बॅटरीचा खप माझ्याकडे एक महिनासुद्धा थांबलेला नाही. चायना रेडिओ, भजनाच्या डब्या, पोरांचे स्पीकर, सगळे हिच्याच मापाचा खाचा करतात. काल रात्री मुलीला म्हटलं, हिचा डोंगर काढून दाखव. तिने पेन्सिल घेतली, एक आडवी रेघ ओढली आणि झोपायला गेली.

पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, एसटीच्या पार्सलने पाठवतो. आली की काचेवर ठेवून बोटाने फिरवून बघा. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट आलेलं आहे, परत पाठवा. जागेवर अडखळली तर बिनधास्त टाका.